मित्राचा साठ हजारांचा गेमिंग पीसी

श्रावणात कळव्याच्या मित्राचा फोन आला. "साठ हजार जमलेत. मस्त गेमिंग पीसी बनवून दे."

"बनवून दे" म्हणणं त्याला सोपं आहे. पार्ट एकदा तुम्ही निवडले, की पुढची तीन-चार वर्षं डिस्प्ले गेला, फॅन वाजला, गेम अडकला, सगळ्याचे फोन तुम्हालाच. त्यामुळे स्वतःचा पीसी जुळवताना मी जे धाडस करतो, ते मित्राच्या पीसीत करत नाही. प्रत्येक पार्टला एकच प्रश्न विचारतो: ह्याच्यामुळे मला रात्री अकराला फोन येईल का? पहिल्यांदाच कुणासाठी पीसी जुळवत असाल तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

आधी मित्राला बसवून विचारा

कुठले गेम खेळणार? मॉनिटर, कीबोर्ड, माउस घरात आहे का? साठ हजार म्हणजे सगळं धरून, की नुसता डबा? ही उत्तरं मिळाल्याशिवाय यूट्यूबवरची एकही यादी उघडू नका.

आमच्या मित्राकडे कीबोर्ड-माउस होता, मॉनिटर नव्हता. रोज व्हॅलोरंट, अधूनमधून जीटीए ५, आणि "नवीन आलेले पण चालले पाहिजेत". हे शेवटचं वाक्य सगळ्यात महागडं. नुसतं व्हॅलोरंट असतं तर मी त्याला ग्राफिक्स कार्ड घेऊच दिलं नसतं. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असतं, आणि त्यावर व्हॅलोरंट १०८०पीला (फुल एचडी) आरामात चालतं. बजेट पस्तीस-चाळीस हजारच असेल तर हा रस्ता प्रामाणिक आहे: आज कार्डाशिवाय सुरू करा, दिवाळी बोनसला कार्ड घाला. फक्त एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा भाग, पहिल्या दिवसापासून कार्ड पेलेल असा घ्या.

आमची वाटणी २०२५ च्या श्रावणातल्या भावांनी साधारण अशी बसली. ग्राफिक्स कार्डाला एकवीस हजार, प्रोसेसरला साडेनऊ, मदरबोर्डला साडेसात, रॅमला चार, एसएसडीला तीन, एसएमपीएसला चार, कॅबिनेटला तीन, उरलेले आठ मॉनिटरला. आकडे पाठ करू नका, भाव सतत हलतात. प्रमाण लक्षात ठेवा: मॉनिटर वगळला तर डब्याच्या पैशातले चाळीस टक्के एकट्या ग्राफिक्स कार्डाचे. हे प्रमाण तीसच्या खाली आलं, तर पैसे गेमऐवजी दुसऱ्याच कशावर तरी चाललेत.

ग्राफिक्स कार्ड

खरा खेळ इथे आहे, आणि फसवणूकही इथेच.

१०८०पीवर खेळायचं असेल तर आठ जीबी मेमरीच्या खाली उतरू नका. आम्ही एएमडीचं आरएक्स ६६०० घेतलं. २०२१ चं कार्ड आहे, पण आठ जीबी आहे, साधारण १३० वॉट खातं, आणि त्या पैशात एवढा दम देणारं नवं कार्ड आम्हाला दुसरं मिळालं नाही. दुकानात हमखास "सर, एनव्हिडिया घ्या" म्हणत आरटीएक्स ३०५० पुढे केलं जाईल. तेव्हा खोक्यावर मेमरी किती लिहिलीय ते वाचा. ३०५० दोन आहेत. २०२२ चं आठ जीबीचं, आणि २०२४ चं सहा जीबीचं. दुसऱ्यात मेमरी तर कमी आहेच, कोअरही कमी आहेत, मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. नाव मात्र दोघांचं एकच. सहा जीबीवाल्याचा एक गुण मान्य केला पाहिजे: ते जेमतेम ७० वॉटमध्ये चालतं आणि बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. ऑफिसचा जुना पीसी घरी आणून त्यातच कार्ड घालायचं असेल तर ते उपयोगी. नव्या पीसीत नको.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका. चार जीबीचं आहे, आणि मदरबोर्डशी फक्त चार लेनने (डेटाच्या रस्त्यांनी) बोलतं. जुन्या पिढीच्या पीसीआय ३.० बोर्डवर ते आणखी लंगडतं. आणि "४ जीबी ग्राफिक्स कार्ड" एवढंच सांगून कुणी जीटी ७३० दाखवलं, तर ते २०१४ चं आहे हे लक्षात असू द्या. त्यातली मेमरी म्हणजे रिकाम्या दुकानातली मोठी तिजोरी.

सेकंडहँडचा मोह सगळ्यांना होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये ग्राफिक्स कार्डांवर चालणारं इथेरियम या क्रिप्टो-चलनाचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं बाजारात आली. ती सगळीच वाईट नसतात. पण मित्रासाठी मी घेत नाही, कारण बंद पडलं तर वॉरंटी नाही आणि तोंड मला दाखवायचंय. घ्यायचंच असेल तर विकणाऱ्याच्या घरी जाऊन चालत्या पीसीत बघा. फरमार्क (कार्डाला पूर्ण ताण देणारी चाचणी) पंधरा मिनिटं चालवा, फॅनचा आवाज ऐका, तापमान बघा. "आरएक्स ५८०" म्हणून विकायला असेल तर जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये शेडर (कार्डातले छोटे कोअर) किती दाखवतंय ते तपासा. २०४८ दिसले तर ते नावापुरतं ५८०, आतून जवळपास ५७०.

प्रोसेसर आणि मदरबोर्ड

ही जोडी एकत्रच ठरवायची, कारण प्रोसेसर बोर्डवरच्या सॉकेटमध्ये (तो बसतो त्या खाचेत) बसला पाहिजे.

आम्ही रायझन ५ ५६०० घेतला: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॉट, खोक्यातच कूलर. स्वस्तात इंटेलचा आय थ्री १२१००एफ येतो. चार कोअरचा आहे, व्हॅलोरंटला पुरून उरतो, नव्या मोठ्या गेममध्ये दमतो. दोन-अडीच हजार वाचवून ते कार्डात घालता येत असतील तर त्यात काही गैर नाही. इंटेलच्या नावातल्या "एफ"चा अर्थ आत ग्राफिक्स नाही. आमच्या ५६०० मध्येही नाही, नुसतं नावात तसं लिहिलेलं नाही. हे पुढे कामाला येणार आहे.

"आय सेव्हन आहे सर" हे वाक्य ऐकलं की पुढचा नंबर विचारा. ठाणे स्टेशनच्या आसपासच्या दुकानांत "आय सेव्हन, १६ जीबी, ४ जीबी ग्राफिक्स" अशी पाटी लावलेली पॅकेजं मी बघितली आहेत. आतला आय सेव्हन ३७७० निघाला. तो २०१२ चा. आजचा आय थ्री त्याला सहज मागे टाकतो, आणि विंडोज ११ तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचे प्रोसेसर अधिकृतपणे घेतच नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे घेतल्या दिवसापासून पीसी म्हातारा.

मदरबोर्डवर जास्त वेळ घालवू नका. आमच्या ५६०० च्या एएम४ सॉकेटला ए५२० चिपसेटचा बोर्ड चालतो, बी५५० बरा. त्यात बहुधा एसएसडीला दोन जागा मिळतात आणि ग्राफिक्स कार्डाला पीसीआय ४.०. रॅमचे चार स्लॉट असलेला मिळाला तर उत्तम. जुना स्टॉक असलेला बी४५० घेऊ नका. बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय तो नवा प्रोसेसर ओळखेलच असं नाही. एएम४ हा सॉकेट आता शेवटाला आलाय हे मित्राला आधीच सांगून टाका. २०२२ मध्ये आलेला एएम५ पुढची काही वर्षं चालेल, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि बजेट तिथेच फाटतं.

रॅम आणि एसएसडी

आम्ही घेतली तेव्हा गोष्ट सोपी होती: डीडीआर४, ३२००, आठ-आठ जीबीच्या दोन स्टिक. एकच सोळाची घेण्यापेक्षा दोन आठच्या घेतल्या की प्रोसेसरला दोन रस्त्यांनी डेटा मिळतो, आणि गेममध्ये फरक दिसतो. पुढे २०२५ च्या अखेरीला एआयच्या सर्व्हरनी मेमरीचा बाजार ओरबाडला आणि रॅमचे भाव असे चढले, की आमची वर दिलेली वाटणी आज तशीच्या तशी बसणार नाही. अशा वेळी दोन वाटा आहेत. आज एकच सोळाची स्टिक घ्यायची, थोडे फ्रेम सोडायचे आणि भाव उतरले की जोडीदार आणायचा. किंवा डीडीआर४ सेकंडहँड घ्यायची. सेकंडहँड घेण्यासारखा सगळ्यात निर्धोक पार्ट रॅमच. घरी आणून रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावा, एकही एरर आली तर सकाळी परत. आठ जीबीवर मात्र भागवू नका. गेम, डिस्कॉर्ड आणि क्रोमच्या चार टॅब उघडल्या की फोन आलाच म्हणून समजा.

एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) घ्या, ५०० जीबीची. एम.२ (च्युइंगगमच्या पट्टीसारख्या आकाराची) दिसली म्हणजे एनव्हीएमई असेलच असं नाही. त्याच आकारात साटावाल्याही येतात, आणि त्यांचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीवर थांबतो. परवडलं तर एक टीबी, कारण हल्ली एकेक मोठा गेम शंभर जीबीच्या वर जातो.

एसएमपीएस: इथे हात आखडता घेऊ नका

माझ्या स्वतःच्या पहिल्या पीसीची गोष्ट. दुकानदाराने कॅबिनेटसोबत "४५० वॉट" लिहिलेला एसएमपीएस फुकट दिला आणि मी खूश. जुलैतली रात्र, बाहेर धो-धो पाऊस, दिवे दोन-तीनदा मिचमिचले. मग फट्ट असा आवाज आणि जळक्या प्लास्टिकचा वास. जाताना तो मदरबोर्डलाही घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या बाजूचा स्टिकर पहिल्यांदा नीट वाचला. १२ व्होल्टसमोर लिहिलं होतं १६ अँपिअर. बारा सोळे एकशे ब्याण्णव. पीसीतला प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ पूर्ण १२ व्होल्टवर जगतात. म्हणजे ४५० च्या नावाखाली माझ्याकडे कामाचे १९२ वॉट होते.

तेव्हापासून मी दुकानात खोका उलटा करून हा गुणाकार करतो. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास दिसतं, म्हणजे ५४० वॉट. आरएक्स ६६०० आणि ५६०० ला ५५० भरपूर होतात. ८० प्लस ब्राँझ लिहिलेलं असावं, पण त्याचा अर्थ तेवढाच घ्या: वीज वाया किती जाते याचं ते प्रमाणपत्र आहे. निम्म्या लोडला निदान ८५ टक्के वीज कामाला लागते. आतले कपॅसिटर कसे आहेत, जास्त भार आला तर तो स्वतःला बंद करतो का, हे त्यात येत नाही. त्यासाठी नावाजलेली कंपनी आणि निदान पाच वर्षांची वॉरंटी बघा. स्वतःच्या मालावर पाच वर्षांचा शब्द देणारा कंपनीवाला सहसा कचरा विकत नाही.

घरातलं अर्थिंगही त्याच दिवशी तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुतेक वेळा एसएमपीएस बिघडलेला नसतो, प्लगची तिसरी पिन कुठेच जोडलेली नसते. जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं. वायरमनला बोलवा. दोन पिनांचं कन्व्हर्टर लावून वेळ मारून नेऊ नका.

लाइट जाण्याचा त्रास असेल तर यूपीएस लागेल. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे, तो साधारण ३६० वॉटचा असतो. गेमिंग पीसीला १००० व्हीए तरी घ्या.

मित्राच्या आईने मला वेगळाच प्रश्न विचारला होता. "लाइट बिल किती वाढेल रे?" मी हिशोब मांडला: "काकू, मॉनिटर धरून खेळताना अडीचशे वॉट. रोज तीन तास म्हणजे पाऊण युनिट. महिन्याला बावीस-तेवीस. तुमचा एसी तीन-चार रात्रींत तेवढं खातो." काकू म्हणाल्या, "एसी आम्ही लावतच नाही." इथे मी विषय बदलला.

कॅबिनेट आणि मॉनिटर

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. पुढे अखंड काच लावून रंगीत दिवे घातलेली कॅबिनेटं शोकेसमध्ये छान दिसतात, पण आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये आत हवाच जात नाही. निदान दोन फॅन, पुढून आत, मागून बाहेर. झालं.

मॉनिटर २४ इंची, आयपीएस, १०८०पी, आणि १०० हर्ट्झच्या वर जेवढं मिळेल तेवढं.

खरेदी: लॅमिंग्टन की ऑनलाइन

आधी ऑनलाइन भाव कागदावर लिहून घ्या, मग मुंबईतल्या कॉम्प्युटर-पार्टच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, बोलताना अजूनही मुंबईच्या एका जुन्या गव्हर्नरचं नाव. ठाण्याहून फास्टने दादर, तिथून पश्चिम रेल्वेची चर्चगेट स्लो, ग्रँट रोडला उतरून पूर्वेला. फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही, मुंबई सेंट्रलवरून चालत यावं लागेल. वाशी-नेरूळवाल्यांनी हार्बरने कुर्ला, मग दादर. रविवारी बहुतेक दुकानं बंद, आणि सकाळी अकराच्या आधी शटर वर जात नाहीत. त्यामुळे सुट्टी टाकून मधल्या वारी जा आणि संध्याकाळच्या गर्दीआधी परत फिरा. संध्याकाळी सहाला दादरच्या पुलावर कॅबिनेटचं खोकं घेऊन मी एकदा उभा राहिलोय. पुन्हा नाही. आता प्रोसेसर, बोर्ड, रॅम, कार्ड, एसएमपीएस असे पाठीवरच्या बॅगेत मावणारे पार्ट तिथून आणतो आणि कॅबिनेट-मॉनिटर घरपोच मागवतो.

दुकानात "टोटल किती?" एवढंच विचारू नका. तीन दुकानांतून पार्टनिहाय, पूर्ण मॉडेल नंबर लिहिलेलं कोटेशन घ्या. एखाद्याचं टोटल दीड हजाराने कमी असेल तर एसएमपीएसची ओळ आधी वाचा. बहुतेक वेळा तिथेच नाव बदललेलं असतं. दुसरी शक्यता, भाव जीएसटी सोडून सांगितलेला असतो. या सगळ्यावर १८ टक्के आहे, तेव्हा "बिलासकट" हा शब्द आधीच वापरा. बिल पक्कंच घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि तो खोक्यावरच्या व कार्डावरच्या स्टिकरशी दुकानातच जुळवा. आमच्या वेळी एका दुकानात कोटेशनमध्ये बी५५० होता, काउंटरवर ए५२० आला. "सेमच आहे सर." सेम असेल तर पैसे का वेगळे, एवढं विचारल्यावर खोकं मुकाट बदललं गेलं.

जोडणी

घरी आल्यावर कॅबिनेटमध्ये लगेच घुसवू नका. मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड लावा आणि डिस्प्ले येतोय का ते बघा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा, दाब द्यायचा नाही, तो आपल्या वजनाने बसतो. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. नंतर कधी कूलर काढाल तेव्हा सरळ वर ओढू नका, आधी हलकेच डावी-उजवीकडे फिरवा. नाहीतर चिकटलेला प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

फॅन फिरतायत पण डिस्प्ले नाही, असं झालं तर मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली आठ पिनांची प्रोसेसरची केबल बघा. आम्ही ती विसरलो होतो आणि अर्धा तास रॅमला शिव्या घालत होतो.

बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम तुमच्या नकळत कमी वेगाने चालते. तिथेच सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद, एफटीपीएम आणि सिक्युअर बूट (दोन सुरक्षा सेटिंग) चालू. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला हे दोन्ही लागतात, नसतील तर व्हॅन ९००१ ची एरर येते. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर घ्या. दुकानदार "टाकून देतो" म्हणतो ते क्रॅक केलेलं नको, त्याच्यासोबत काय काय येतं ते नंतर तुम्हालाच निस्तरावं लागतं. लायसन्स सवडीने घेता येतं, तोवर कोपऱ्यात एक ओळ दिसत राहील एवढंच.

मग डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने वाढवा. विंडोज बरेचदा ६० वरच ठेवतं, आणि १४४ चे पैसे मोजून माणूस वर्षभर ६० बघत बसतो. शक्य असेल तिथे वायफायऐवजी लॅन केबल टाका. व्हॅलोरंटचा सर्व्हर मुंबईतच आहे. कळव्यात पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) वाढतो तो हॉलमधल्या राउटर आणि बेडरूमच्या मधल्या दोन भिंतींमुळे.

खोकी माळ्यावर, बिलाचा फोटो दोघांच्याही फोनमध्ये.

पहिला फोन आठव्या दिवशी आला. रात्रीचे अकरा नव्हते, साडेनऊच. "डिस्प्ले गेला. फॅन चालू आहेत, दिवे चालू आहेत, स्क्रीन काळी." मी विचारलं, आज टेबल कुणी पुसलं? काकूंनी. मागची मॉनिटरची केबल काढून, सगळं लख्ख करून, पुन्हा लावली होती. दोन सारखीच भोकं दिसली, त्यातलं वरचं त्यांना बरं वाटलं. वरचं मदरबोर्डचं, आणि ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. त्याला म्हटलं, केबल काढ आणि खाली आडव्या पट्टीत, ग्राफिक्स कार्डाला लाव. पलीकडून आधी खुडबूड ऐकू आली, मग विंडोजचा आवाज, आणि त्यामागून काकूंचा: "मी काही मोडलं नाही हं."